मोजणाऱ्याचीच मोजणी: मानसशास्त्र विज्ञान कसं झालं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झालेली मुलं पीयूसीला (अकरावी-बारावीला) आर्ट्स घेतात, आणि त्यातली काही मानसशास्त्र निवडतात. पुस्तक उघडलं की पहिल्याच धड्यात एक वाक्य भेटतं: विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली जर्मनीतल्या लाइपझिग इथं मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा सुरू केली. एका मार्काचं उत्तर म्हणून ते पाठ होतं आणि मुलं पुढं सरकतात. मला हे वाक्य नेहमी अपुरं वाटत आलंय. मन दिसत नाही, हाताला लागत नाही. मग ते प्रयोगशाळेत नेलं तरी कसं? आणि त्यासाठी 1879 साल का उजाडावं लागलं? मनाचा विचार तर हजारो वर्षं चालूच होता, आपल्याकडे उपनिषदांपासून संतांपर्यंत आणि ग्रीकांकडे ॲरिस्टॉटलपासून. त्या विचारांत खोली भरपूर होती. नव्हती ती एवढीच सोय, की एकानं जे पाहिलं ते दुसऱ्या गावातल्या परक्या माणसाला जसंच्या तसं पुन्हा तपासता यावं.

ही सोय झाली ती तत्त्वज्ञांच्या नव्हे, आकाश मोजणाऱ्यांच्या अंगणात.

इंग्लंडमधल्या ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी 1796 साली आपल्या मदतनिसाला, डेव्हिड किनेब्रुकला, कामावरून काढलं. काम असं होतं: दुर्बिणीत एक बारीक तार ताणलेली असे. एखादा तारा ती तार नेमका कधी ओलांडतो, ते घड्याळाचे ठोके कानानं मोजत आणि डोळा ताऱ्यावर ठेवून सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सांगायचं. किनेब्रुकची नोंद मॅस्केलिन यांच्या नोंदीपेक्षा जवळजवळ 0.8 सेकंदानं मागं पडायची. एवढ्याशा चुकीचं काय, असं वाटेल. पण या वेधांवर घड्याळं लावली जात आणि घड्याळांवर जहाजांची जागा ठरे. विषुववृत्तावर 0.8 सेकंद म्हणजे साडेतीनशे मीटरहून जास्त फरक. मॅस्केलिन यांना वाटलं, पोरगा हयगय करतोय. दिलं काढून.

पुढं वीसेक वर्षांनी कोनिग्सबर्ग शहरातले खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल यांच्या वाचनात ही हकिगत आली. त्यांना वेगळी शंका आली. चूक हयगयीची नसेल तर? त्यांनी दुसऱ्या कसलेल्या निरीक्षकांबरोबर बसून तेच तारे पाहिले आणि नोंदी ताडून बघितल्या. दोन्हीकडे मुरलेले डोळे, दोन्हीकडे पूर्ण लक्ष, तरी एका सहकाऱ्याच्या आणि बेसेल यांच्या नोंदीत सेकंदाहून थोडा जास्त फरक निघाला, आणि तो सातत्यानं निघत राहिला. याचा अर्थ, पाहणं आणि ऐकणं यांची सांगड घालायला प्रत्येकाच्या मनाला वेळ लागतो आणि तो वेळ माणसागणिक बदलतो. खगोलशास्त्रज्ञांनी या फरकाला ‘व्यक्तिगत समीकरण’ म्हटलं आणि आपल्या हिशोबातून तो वजा करायला सुरुवात केली. त्यांच्या दृष्टीनं ती अडगळ होती. मानसशास्त्राचा पाया याच अडगळीतून निघाला असं मी मानते, कारण इथं पहिल्यांदा मोजणारा माणूस स्वतःच मोजला गेला.

याच कोनिग्सबर्गात त्याआधी तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट राहत होते. 1786 साली त्यांनी लिहून ठेवलं होतं की मनाच्या अभ्यासाला गणित लावता येत नाही, म्हणून तो खरंखुरं निसर्गविज्ञान कधीच होणार नाही. कांट यांचा शब्द वजनदार. आणि त्याच शहरात 1850 च्या सुमारास हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ बेडकाचा मज्जातंतू घेऊन बसले. तोवर समज असा, की शरीरातला निरोप क्षणात, जणू वेळ न लागता, मेंदूपर्यंत पोचतो. हेल्महोल्ट्झ यांचे गुरू योहानेस म्युलर यांनाही वाटायचं की हा वेग माणसाला कधी मोजता येणार नाही. हेल्महोल्ट्झ यांनी तंतूला आधी स्नायूच्या जवळ आणि मग लांब विजेचा हलका झटका दिला, स्नायू आखडायला लागलेल्या वेळेतला फरक काढला आणि वेग काढून दाखवला: सेकंदाला साधारण 27 मीटर. आज हमरस्त्यावरून जाणारी मोटार जवळपास त्याच वेगानं जाते. निरोपाला वेळ लागतो म्हटल्यावर विचारालाही वेळ लागत असणार, आणि जिथं वेळ लागतो तिथं घड्याळ लावता येतं. कांट यांनी बंद केलेलं दार तिथं किलकिलं झालं.

नेदरलँड्समधले डोळ्यांचे डॉक्टर फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी 1860 च्या दशकात घड्याळ थेट विचारालाच लावलं. त्यांची युक्ती वजाबाकीची होती. माणसाच्या एका पायाला विजेचा हलका झटका द्यायचा आणि त्याच बाजूच्या हातानं खूण करायला सांगायचं. कुठल्या पायाला झटका बसणार हे आधी सांगितलं असेल तर उत्तर लवकर येतं. सांगितलं नसेल तर आधी ‘डावा की उजवा’ हे ठरवावं लागतं आणि उशीर होतो. दोन्ही वेळांतला फरक सेकंदाचा साधारण पंधरावा भाग निघाला. निर्णय घ्यायला माणसाला लागणारा वेळ असा आकड्यात कागदावर उतरला.

दुसरी वाट लाइपझिगमधून निघाली. तिथले एर्न्स्ट वेबर हातात वजनं देऊन विचारायचे: दुसरं जास्त जड आहे का? समजा तुमच्या हातात 400 ग्रॅम गूळ दिला आणि डोळे बांधून मग 405 ग्रॅमचा खडा दिला, तर फरक कळणार नाही. 410 ग्रॅमला जेमतेम कळू लागेल. आता सुरुवातच 800 ग्रॅमनं केली तर दहा ग्रॅमची भर जाणवत नाही, वीस लागते. म्हणजे फरक जाणवण्यासाठी ठरावीक ग्रॅम नव्हे, ठरावीक हिस्सा वाढावा लागतो. उचललेल्या वजनांसाठी तो साधारण चाळिसावा भाग आहे. प्रकाशाला, आवाजाला हा हिस्सा वेगवेगळा आहे, आणि फार हलक्या किंवा फार जड टोकांना नियम ढिला पडतो. तरीही बाहेरचं जग आणि आतली जाणीव यांच्यात इतकं सरळ प्रमाण असेल असं आधी कुणाला वाटलं नव्हतं.

वेबर यांच्याच शहरातल्या गुस्टाफ फेखनर यांना यात केवढा खजिना आहे ते उमगलं. हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. रंगीत काचांतून सूर्याकडे पाहण्याच्या प्रयोगांत त्यांनी डोळे बिघडवून घेतले, नोकरी सोडली आणि बराच काळ अंधाऱ्या खोलीत काढला. 22 ऑक्टोबर 1850 च्या सकाळी अंथरुणातच त्यांना सुचलं की उद्दीपन, म्हणजे बाहेरचा प्रकाश, आवाज किंवा वजन, पटीपटीनं वाढतं तेव्हा जाणीव सारख्या पायऱ्यांनी वाढते, आणि हे समीकरणात मांडता येतं. 1860 साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि ‘मनोभौतिकी’ ही शाखा उभी राहिली. समीकरणात पुढं दुरुस्त्या झाल्या. पण जाणिवेचा उंबरठा, म्हणजे एखादी गोष्ट जिथून जेमतेम जाणवू लागते ती सीमा, कसा शोधायचा याच्या ज्या पद्धती त्यांनी घालून दिल्या, त्यांचा वारसा आजच्या ऐकण्याच्या तपासणीतही दिसतो. कानाला हेडफोन लावून ‘आवाज आला की बटण दाबा’ म्हणतात, तो उंबरठ्याचाच शोध आहे.

आता ते 1879 साल. वुंट हे डॉक्टरकी शिकलेले, हायडेलबर्गला हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली काम केलेले. घड्याळाची वाट आणि उंबरठ्याची वाट या दोन्हींचा त्यांनी संगम केला. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे सुरुवातीला विद्यापीठातली छोटीशी जागा. खरं महत्त्व जागेचं नाही. त्या वर्षी तिथं विद्यार्थी पदवीसाठी मनावरचे प्रयोग करू लागले. एकट्यादुकट्या विद्वानाचा छंद होता तो आता शिकवता येणारा, परीक्षा घेता येणारा, मासिकात छापून वाद घालता येणारा विषय झाला. सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारी यंत्रं, तीच सूचना, तोच क्रम. जर्मनीबाहेरून, अमेरिकेतूनसुद्धा, विद्यार्थी लाइपझिगला येऊन शिकले आणि परत जाऊन त्यांनी आपापल्या प्रयोगशाळा काढल्या. पाठ्यपुस्तकातल्या त्या वाक्याच्या पोटात हे सगळं आहे.

वुंट मनाचे सगळेच व्यवहार प्रयोगशाळेत मावतात असं मानत नव्हते, हे मात्र बऱ्याचदा सांगितलं जात नाही. भाषा, पुराणकथा, चालीरीती यांचं मानसशास्त्र वेगळ्या पद्धतीनं करावं लागतं असं ते म्हणत, आणि आयुष्याची शेवटची वीस वर्षं त्यांनी त्यावर दहा खंड लिहिण्यात घालवली.

याच काळात हेर्मान एबिंगहाउस नावाचा एक माणूस प्रयोगशाळेशिवाय, मदतनिसाशिवाय, स्वतःवरच प्रयोग करत होता. मला या सगळ्या मंडळींत त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो. त्याचा विषय स्मरण. वुंट यांच्या मते स्मरणासारख्या वरच्या पातळीच्या गोष्टी प्रयोगात धरता येत नव्हत्या. एबिंगहाउसची अडचण अशी, की कविता पाठ केली तर तिचा अर्थ, तिची चाल, आधीची ओळख हे सगळं मदतीला येतं. त्यात स्मरणशक्ती किती आणि जुनी ओळख किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून त्यानं अर्थच नसलेले, दोन व्यंजनांमध्ये एक स्वर असे सुमारे 2,300 तुकडे तयार केले आणि त्यांच्या याद्या ठोक्याच्या तालावर वाचून पाठ केल्या. इकडच्या मुलांवर हा प्रयोग करायचा तर तुकडे निवडताना मराठी आणि कानडी दोन्ही चाळण्या लावाव्या लागतील. ‘दन’ हा तुकडा मराठीपुरता निरर्थक आहे, पण बेळगावच्या पोराला त्यात कानडीतली गुरंढोरं दिसणार.

यादी विसरल्यावर ती पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, हे त्याचं माप होतं. वीस मिनिटांनंतर पुन्हा पाठ करताना 58 टक्के वेळ वाचत होता. एका दिवसानं सुमारे 34 टक्के. एकतीस दिवसांनी सुमारे 21 टक्के. विसरणं सुरुवातीला धडाधड होतं आणि मग मंदावतं. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं असं आणखी एक निरीक्षण त्यात आहे: एक यादी एकाच बैठकीत 68 वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून 38 वेळा वाचून साधलं. आदल्या रात्री बसून घोकण्यापेक्षा थोडं थोडं रोज बरं, हे घरची माणसं सांगतातच. एबिंगहाउसनं 1885 साली ते आकड्यांनी दाखवलं, आणि एका माणसाचे हे आकडे पुढच्या संशोधकांनी इतरांवर तपासल्यावर वळण तसंच निघालं.

इथपर्यंत वाट सरळ वाटते. पण वुंट यांच्या शिष्यांतच लवकर तट पडले. प्रयोगात माणसाला विचारायचं, ‘आत काय जाणवलं ते सांग.’ याला अंतर्निरीक्षण म्हणतात. अमेरिकेत कॉर्नेलला गेलेल्या एडवर्ड टिचनर यांच्याकडचे लोक सांगत, विचार करताना मनात काही ना काही प्रतिमा असतेच. व्युर्त्सबुर्गला ओस्वाल्ड क्युल्पे यांच्याकडचे लोक सांगत, प्रतिमा नसलेले विचारही असतात. दोघं वुंट यांचेच शिष्य, दोन्हीकडे कसलेले निरीक्षक. वेध घेणाऱ्यांचं भांडण ताऱ्याकडे पुन्हा बघून मिटलं होतं. इथं तारा आतच. तुमच्या मनात प्रतिमा होती की नव्हती, हे मी कसं तपासू?

आणि मग आला एक घोडा. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकी करतो, तारखा सांगतो अशी ख्याती झाली. उत्तर तो खूर आपटून द्यायचा. आपल्याकडे सुगीच्या दिवसांत गुबुगुबु वाजवत नंदीबैलवाला दारात येतो, ‘पाऊस पडंल का सांग’ म्हणतो आणि बैल मान डोलावतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की ओस्टेन पैसे घेत नव्हते आणि त्यांचा आपल्या घोड्यावर मनापासून विश्वास होता. 1904 साली नेमलेल्या समितीला त्यात लबाडी सापडली नाही. मग ऑस्कार फुंग्स्ट यांनी शांतपणे एकेक गोष्ट बदलून पाहिली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडा चुकायचा. विचारणारा घोड्याला दिसला नाही तरी चुकायचा. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढं वाकून खुराकडे बघायचा, आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं अगदी थोडं वर उचललं जायचं. घोडा तेवढं वाचायचा. ओस्टेन यांनाही आपण असं करतो हे ठाऊक नव्हतं.

फुंग्स्ट तिथंच थांबले नाहीत. ते स्वतः घोडा झाले. लोकांना मनात आकडा धरायला सांगून ते टेबलावर बोटानं टिचक्या मारत, आणि समोरच्याच्या डोक्याची हालचाल बघून थांबत. पंचविसातल्या तेवीस जणांच्या बाबतीत त्यांना ती हालचाल पकडता आली. 1907 साली हे पुस्तकरूपानं आलं. औषधाच्या चाचणीत आज देणाऱ्यालाही खरी गोळी कुठली ते सांगत नाहीत. तोच धडा हान्सनं दिला: प्रयोग करणाऱ्याची अपेक्षा प्रयोगात झिरपते.

या सगळ्याचा परिणाम म्हणून 1913 साली अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी जाहीर केलं की मनाच्या आत डोकावणं सोडा, बाहेर दिसणारं वागणं तेवढं मोजा. याला वर्तनवाद म्हणतात. रशियात इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवरून शिकणं मोजून दाखवलं होतंच, त्याचा आधार वॉटसन यांना मिळाला. मोजमापाची शिस्त यानं पक्की झाली. पण 1920 साली त्यांनी आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती बसवली. उंदीर दिसला की पाठीमागं लोखंडी कांब ठोकायची. ती भीती काढून न टाकताच बाळ परत गेलं. विज्ञानाच्या नावाखाली हे झालं आणि ते वाईटच होतं. आज कुठलीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही. सिग्मंड फ्रॉइड यांचं नाव लोकांना जास्त ठाऊक असतं, पण त्यांचं काम रुग्णांच्या बोलण्यावर उभं होतं, प्रयोगशाळेत नव्हे. ती गोष्ट वेगळी सांगावी लागेल.

भारतात कलकत्ता विद्यापीठात 1916 साली एन. एन. सेनगुप्ता यांच्याकडे प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग आला, आणि 1924 साली म्हैसूर विद्यापीठात एम. व्ही. गोपालस्वामी यांनी तो सुरू केला. याच गोपालस्वामींनी 1935 साली म्हैसुरात स्वतःच्या हौसेनं एक नभोवाणी केंद्र काढलं आणि त्याचं नाव ‘आकाशवाणी’ ठेवलं. पण तेव्हा म्हैसूर हे बेळगावच्या दृष्टीनं दुसरं राज्य. बेळगाव, धारवाड, कारवार मुंबई इलाख्यात होते, आणि आपल्या भागाशी थेट जोडलेलं काम त्या बाजूला झालं.

त्याची मुळं पॅरिसमध्ये. शाळेत मागं पडणारी मुलं कशी ओळखायची, म्हणजे त्यांना जादा मदत देता येईल, हा प्रश्न तिथल्या सरकारपुढं होता. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 साली सोप्यापासून अवघडाकडे जाणाऱ्या तीस कामांची चाचणी केली. 1908 च्या आवृत्तीत ‘मानसिक वय’ आलं: आठ वर्षांची बहुतेक मुलं जे करतात ते करता आलं तर मानसिक वय आठ. बुद्धी कायमची ठरलेली असते, ती वाढत नाही, या समजुतीचा बिने यांना राग होता. पण चाचणी अमेरिकेत गेल्यावर तिथं काहींनी नेमका तोच अर्थ काढला, आणि जहाजातून नुकत्या उतरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसांवर ‘मंदबुद्धी’ असे शिक्के बसले.

व्ही. व्ही. कामत यांनी केलेल्या कामाचं मोल इथं कळतं. 1934 साली त्यांनी बिने यांच्या चाचणीचं कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेलं रूपांतर प्रसिद्ध केलं. ‘मुंबई-कर्नाटक आवृत्ती’ म्हणून ते ओळखलं गेलं, आणि बिने-कामत चाचणी नावानं भारतात अजून वापरलं जातं. पॅरिसच्या मुलाचे प्रश्न जसेच्या तसे उचलून आपल्या मुलाला विचारायचे आणि तो अडला की त्याला कमी ठरवायचं, याऐवजी प्रश्न आणि मापाची पट्टी दोन्ही इथल्या मुलांवर घासून बघावी लागतात, हे त्यांनी करून दाखवलं. आणि ते एका नव्हे, दोन भाषांत शेजारी शेजारी.

घरी मराठी, रस्त्यावर कानडी, शाळेत आणखी तिसरीच भाषा, यानं पोराच्या डोक्याचा गोंधळ होतो का, हा प्रश्न सीमाभागातल्या आईवडिलांना पडतोच. 1923 साली वेल्समध्ये डी. जे. साएर यांनी मुलं तपासली. खेड्यातली वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषा बोलणारी मुलं एकभाषक मुलांपेक्षा कमी पडली. शहरातल्या मुलांत मात्र फरक दिसला नाही. तो दुसरा भाग मागं पडला आणि ‘दोन भाषा बुद्धीला घातक’ एवढंच पसरलं. 1962 साली माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारी दहा वर्षांची मुलं घेतली, पण तुलना करताना घरची आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी ठेवली. आता दोन भाषा येणारी मुलंच पुढं निघाली. त्यांनी दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारी मुलं निवडली होती, त्यामुळं निष्कर्ष दोन भाषांच्या बाजूनं थोडा झुकला असेल, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो रास्त आहे. आधीच्या बऱ्याच अभ्यासांत गरिबी आणि भाषा यांची सरमिसळ झाली होती, एवढं मात्र स्पष्ट झालं.

म्हणून शाळेनं किंवा दवाखान्यानं मुलाचा बुद्ध्यंक (आयक्यू) कागदावर लिहून दिला, तर तो नुसता घेऊन घरी येऊ नये. चाचणी कुठल्या भाषेत घेतली ते विचारावं. घरी जी भाषा बोलली जाते तीत नसेल, तर तसं अहवालात लिहून मागावं. तुलना कुठल्या मुलांशी आणि केव्हाच्या पट्टीनं केली तेही विचारावं. जेम्स फ्लिन यांनी 1984 साली दाखवलं की अमेरिकेत अशा चाचण्यांतले सरासरी गुण दर दहा वर्षांना साधारण तीनानं वाढत आले आहेत, त्यामुळं पट्टी जुनी असेल तर आकडा फुगून दिसतो. तपासणाऱ्यानं मुलाला आधी थोडं बोलतं केलं होतं का, मूल त्या दिवशी तापातून उठलं होतं का, हेही त्याच कागदावर हवं.